एका हाताची किटली

६ जानेवारी

प्रिय मामा,

वाकून नमस्कार, आणि वाकल्यावर पाठीत आलेली कळही तुझ्याच पायाशी. दिवसभर टेबलावर ओणवं राहून काम केलं की असं होतं, हे शिंप्याला मी काय सांगणार.

सोबतच्या खोक्यात एक किटली आहे. खोकं मामीला उघडू दे, पण किटलीला तिने हात लावायचा नाही. ज्यांचा एकच हात कामाला येतो अशा माणसांसाठी ती केली आहे. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून तुझा उजवा हात रुसून बसलाय, तेव्हापासून माझ्या डोक्यात हिचंच चाललं होतं. ही उचलायची नाही. ती एका पाळण्यात बसते, पाणी विजेवर उकळतं, आणि मूठ खाली दाबली की जागच्या जागी पुढे कलून कपात धार धरते. झाकणाला खटका आहे. तो अंगठ्याने दाबला की आतली स्प्रिंग झाकण वर उचलते.

हा अजून नमुना आहे हे लक्षात ठेव. तुझ्या भाषेत कच्चा टाका. आमचा कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि तीन माणसं. त्यातले भागीदार दर तासाला येऊन 'झालं का?' विचारतात, म्हणून त्यांचं नावच आम्ही झालंका ठेवलंय. एका मोठ्या दुकानाच्या खरेदीबाई किटली घ्यायला तयार आहेत. त्यांची अट एवढीच, की आधी ती काही घरांत वापरून बघा आणि वापरणाऱ्यांचं म्हणणं मला दाखवा. मग साचा करायचा. साचा पोलादात कोरतात, त्यामुळे एकदा झाला की चूक उसवता येत नाही. तेव्हा जे खुपेल ते आत्ताच सांग.

फोनवर सांगू नकोस. फोनवर तू 'मस्त, मस्त' म्हणून मोकळा होतोस आणि मामी मागून मी जेवले का ते विचारायला लागते. शिवाय व्यायामवाल्या बाईंनी तुला डाव्या हाताने रोज पानभर लिहायला सांगितलंय आणि तू ते टाळतोस, अशी पक्की बातमी माझ्याकडे आहे. म्हणून पत्रच हवं.

तुझी,
बटण


१४ जानेवारी

चिरंजीव बटणीस अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. हे कोंबडीचे पाय नसून तुझ्या मामाचा डावा हात आहे. लहानपणी तू माझ्या दुकानात बसून कोटाचं बटण गिळलंस, तेव्हा डॉक्टरांनी जी चिठ्ठी लिहून दिली होती तिच्यापेक्षा हे बरंच वाचता येतं, असं तुझ्या मामीचं मत आहे.

किटली मिळाली. काय सांगू, मस्त आहे. मूठ हातात छान बसते, धार बरोबर पडते, रंगही डोळ्यांना बरा वाटतो. खोट काढायची म्हटली तरी सापडत नाही. खरेदीबाईंना खुशाल सांग, साचा करायला घेतो.

आता घरची बातमी. मामीची थोरली बहीण तुला ठाऊक आहे. आमच्या लग्नात माझ्या कोटाची बाही आखूड आहे, असं चारचौघांत म्हणाली होती तीच. मार्चच्या मध्यावर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि तिला मागेपुढे कोणी नाही. मामीने महिनाभर तिच्याकडे जाऊन राहावं असं मी म्हणतो. पण मला झटका आल्यापासून मामीने एक रात्रही घराबाहेर काढलेली नाही. जेवणाचा डबा येईल, कपड्यांना बाई आहे, समोर राहणारे बँकवाले हाकेच्या अंतरावर आहेत, सगळं सांगून झालं. ती ऐकत नाही. शेवटी एक दिवस वैतागून म्हणाली, 'स्वतःचा चहा स्वतः करून प्यायला लागा, मग जाते.' बहिणीचा फोन येऊन गेला की ती खिडकीपाशी बराच वेळ नुसती उभी असते. ते मला बघवत नाही.

म्हणून तुझी किटली अगदी वेळेवर आली. मी मामीला सांगितलंय, तू समोर उभी राहिलीस की माझा हात बिचकतो, तेव्हा तू सकाळी बाजारात गेलीस की मी चहा करत जाईन. ती परत आली की विचारते, झाला का? मी म्हणतो, झाला. म्हणजे तुमचे भागीदार आमच्याकडेही राहायला आले म्हणायचे.

हे पत्र मी स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे. तेवढंच चालणं होतं.

तुझा,
मामा


२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं. झालंका इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी एकदाही 'झालं का' विचारलं नाही. बाकीच्या घरांतूनही अशीच पत्रं आली आहेत. आमच्या हिशेब बघणाऱ्या बाईंचे वडील, झालंकांच्या आत्या, माझ्या मैत्रिणीची सासू, सगळ्यांना किटली पसंत आहे. मला तर रस्त्याने चालताना उगाच हसू येतंय.

मामीच्या जाण्याबद्दल वाचलं आणि माझाच उत्साह वाढला. मामीला सांग, तिला बहिणीकडे पोचवायचं काम माझ्या किटलीने अंगावर घेतलंय.

आज दुसरा नमुना पाठवते आहे. यात फक्त झाकण बदललंय. आधीचा खटका मला थोडा ताठ वाटत होता, म्हणून नवी, मऊ स्प्रिंग मागवून बसवली. तू बाकी काही बघू नकोस, झाकण तेवढं नीट बघ. अंगठ्याला जोर किती लागतो, झाकण पूर्ण उघडतं की अर्ध्यात अडतं, ते लिही. महिनाअखेरीस खरेदीबाई इथे येणार आहेत आणि झालंकांनी साचेवाल्यांकडे तारीखही घेऊन ठेवली आहे. त्यांचं सगळं असंच, लग्न ठरायच्या आधी मांडव.

व्यायामवाल्या बाईंना माझा नमस्कार. तुझं 'ळ' सुधारलंय, असं त्यांना सांग.

तुझी,
बटण


११ फेब्रुवारी

चि. बटणीस आशीर्वाद.

नवी किटली पोचली आणि जुनी मी कपाटात ठेवली. झाकणाचं म्हणशील तर विचारूच नकोस. अंगठा टेकवला की लोण्यासारखं उघडतं. जोर म्हणून लागत नाही. आधीचंही काही वाईट नव्हतं, पण हे म्हणजे फारच सुरेख. तुझ्या हाताला गुण आहे. शेवटी भाची कोणाची?

मामीने काल माळ्यावरून छोटी बॅग काढली. अजून भरली नाही, नुसती पुसून पलंगाखाली ठेवली आहे. पण काढली हे महत्त्वाचं. बहिणीला फोनवर म्हणाली, 'बघू, ह्यांचं जमतंय म्हणतात.' तिच्या आवाजात किती दिवसांनी जरा ऊब वाटली. तेव्हा आता तू मागे हटू नकोस, साचा करून टाक.

तुझा,
मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

आज माझ्या टेबलाचा खण आवरत होते. पट्ट्या आणि पेन्सिलींच्या खाली एक छोटी पुडी सापडली, आणि पुडीत ती नवी, मऊ स्प्रिंग.

म्हणजे तुला पाठवलेल्या किटलीत स्प्रिंग नाहीच. बसवायची म्हणून बाजूला ठेवली आणि बसवायची विसरून झाकण लावून टाकलं. माझा वेंधळेपणा, कबूल. पण स्प्रिंगशिवाय ते झाकण अंगठ्याने काय, हातोडीनेही उघडणार नाही. मी इथे तसंच एक बंद करून बघितलं, शेवटी सुरीने उचकटावं लागलं. मग तुझ्याकडे लोण्यासारखं काय उघडलं?

मामा, मला रागवायचं नव्हतं, पण राग आलाय. तू माझं मन मोडू नये म्हणून हे केलंस, हे कळतंय मला. लहानपणी मी तुझ्या चिंध्यांची एक पिशवी शिवली होती, तिचं तोंडच मी शिवून टाकलं होतं, तरी तू ती दुकानात खुंटीला टांगलीस आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवलीस. तेव्हा मी लहान होते. आता माझ्या चुकीचं उकळतं पाणी कोणाच्या तरी अंगावर सांडणार आहे. मला लाड नकोत.

आणि मग बाकीची पत्रंही मी काढून परत वाचली. वडील, आत्या, सासू. सगळी आपलीच माणसं, सगळी आमच्यावर माया करणारी. परक्या माणसाच्या घरी किटली द्यायचं आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. झालंकांना मी साचा थांबवायला सांगितलाय. आज त्यांनी पुन्हा एकदाही 'झालं का' विचारलं नाही, पण या वेळी रागाने.

खरं काय ते लिही. कितीही कडू असलं तरी चालेल.

बटण


१९ फेब्रुवारी

चि. बटणीस,

सापडलो. नाही म्हणायला तोंडच ठेवलं नाहीस तू. आधी वाटलं होतं, नखाने उघडलं असं ठोकून द्यावं. पण दुसरी थाप मारायला पहिली नीट आठवावी लागते आणि माझं हल्ली तेही होत नाही.

पण तुझा एक अंदाज चुकलाय, तो आधी सुधारतो. मी तुझ्यासाठी खोटं बोललो नाही. तुझं मन घट्ट आहे, ते मोडत नाही. मी बोललो ते तुझ्या मामीसाठी. किटली जमत नाही असं मी तुला लिहिलं असतं, तर तू मामीच्या कानावर घातलंच असतंस, आणि मग ती कुठली जाते. थोरली एकटी इस्पितळात पडून राहील आणि ही इथे माझ्या कपात चहा ओतत उभी राहील. ते मला नको होतं. माझ्यामुळे तिचं एवढंही होऊ नये, याची मला लाज वाटते बघ.

चहा कोण करत होतं म्हणशील, तर समोरचे बँकवाले. मामी जिना उतरली की मी त्यांच्या दारावर टकटक करायचो. ते यायचे, पाणी भरायचे, ओतायचे, एक कप आपला घ्यायचे आणि वर साखर कमी झाली म्हणायचे. दुसरी किटली त्यांनाही उघडली नाही, तेव्हा आम्ही पातेल्यात चहा केला. पहिली आली त्या आठवड्यात एकदा मी एकट्याने करून बघितलं होतं. पाणी ओट्यावरून खाली आलं आणि पायावर पडलं. फार नाही, फोड आला तेवढा. मामीला मोज्याची इलॅस्टिक लागली असं सांगितलं. आता तो सुकलाय, तेव्हा बोंब मारू नकोस.

आता तुला खरं हवंय ना, तर घे. चाळीस वर्षं लोकांचे कपडे उसवले आहेत मी, तुझी किटली काय चीज आहे.

झाकणाचा खटका तोटीच्या जवळ आहे. पाणी उकळल्यावर पत्ती टाकायला तो दाबला की वाफ अंगठ्यावरच येते. दुसरं, पाणी किती भरलं ते दाखवणारी काच किटलीच्या अशा बाजूला आहे की उजव्या हाताने धरणाऱ्यालाच दिसेल. माझ्यासारख्याने मान वाकडी करून पलीकडून बघायचं. डाव्या हातासाठी किटली करायला बसलीस आणि काच उजव्याला दिलीस, हे बटण पाठीवर लावल्यासारखं झालं. तिसरं, ओटा ओला असला की मूठ दाबताना अख्खा पाळणाच पुढे सरकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कप. पहिली धार जोरात येते, कप हलतो, मग तो धरायला दुसरा हात लागतो. दुसरा हात असता तर तुझी किटली कशाला घेतली असती गं?

आणि एक सांगतो. दुकानात ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की छाती काढायचं आणि म्हणायचं, छान बसलाय. मी कधी विश्वास ठेवला नाही. मी हातातला खडू मुद्दाम खाली पाडायचो. तो उचलून द्यायला माणूस वाकला की काखेत कुठे ओढतंय, पाठीत कुठे ताणतंय ते दिसायचं. तू मला पत्र लिहायला सांगून आरशासमोर उभं केलंस, मग मीही छाती काढली.

एवढं सगळं खरं सांगितलं, त्याबदल्यात एक मागणं आहे. मामीला यातलं काही कळू देऊ नकोस. ऑपरेशन होईपर्यंत तरी.

तुझा,
मामा


२ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी आधी मी पायाचा फोड वाचला आणि बराच वेळ पुढचं वाचलंच नाही. मला भीती वाटली. अजूनही वाटते. मी पाठवलेल्या वस्तूने तुला भाजलं आणि ते मला महिन्याने कळतंय.

मग उठले आणि कामाला लागले. खटका मुठीच्या टोकाला आणला, आता वाफ पुढून जाते आणि अंगठा मागे राहतो. पाण्याची काच दोन्ही बाजूंना दिली. पाळण्याखाली रुंद रबर लावलं. आणि पाळण्यालाच पुढे एक गोल खोबण केली, कप तिच्यात बसतो आणि हलत नाही. तोटीचं तोंड अरुंद केलं, त्यामुळे पहिली धार जपून येते.

खरेदीबाई ठरल्याप्रमाणे आल्या. कपाची खोबण बघताच त्यांनी नाक मुरडलं. म्हणाल्या, हे दवाखान्यातल्या सामानासारखं दिसतं, लोक ओट्यावर ठेवणार नाहीत. झालंका माझ्याकडे असं बघत होते की मी आत्ताच खोबण दाताने कुरतडून काढावी. मी वाद घातला नाही. चहा घेऊन जा म्हटलं आणि किटली त्यांच्यासमोर ठेवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. उजव्या हाताने फोन कानाला लावून बोलता बोलता त्यांनी डाव्या हाताने कप खोबणीत ठेवला, मूठ दाबली, चहा ओतून घेतला आणि प्यायला लागल्या. एकदाही खाली बघितलं नाही. फोन ठेवल्यावर मी त्यांना सांगितलं, तुम्ही आत्ता काय केलंत ते बघा. त्या कपाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, फोनवर बोलणाऱ्यांना बरी आहे की ही. आता त्यांना ती सगळ्यांसाठीच हवी आहे. खोबण राहिली. तुझा खडू न पाडताच खाली पडला.

साचा मात्र इतक्यात करायचा नाही असं ठरलं. तुझ्या व्यायामवाल्या बाईंना मी फोन केला होता. त्यांच्याकडे येणाऱ्या, आमचं तोंडही न पाहिलेल्या काही माणसांच्या घरी त्या किटल्या देणार आहेत, आणि मी जाऊन नुसती बघत बसणार आहे. काही विचारणार नाही.

नवा नमुना सोबत आहे. आधीच्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, पण पुरा झालेला नाही. पूर्ण भरलीस तर शेवटी अजून हिसका बसतो. अर्धीच भर. पहिल्यांदा कोणीतरी जवळ असताना करून बघ.

आता तुझ्या मागण्याचं. मी मामीला काही सांगणार नाही. पण तिने मला विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही, मामा. तुला जमतंय असं समजून ती गेली आणि तुझ्या अंगावर पाणी सांडलं, तर ती स्वतःला माफ करणार नाही आणि मीही. तूच सांग तिला. तिचं जाणं रद्द झालं तर तिच्या बहिणीकडे मी रजा काढून जाईन, हा माझा शब्द.

तुझी,
बटण


७ मार्च

चि. बटणीस,

सांगितलं.

मामी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तुझी नवी किटली ओट्यावर ठेवली होती, म्हटलं आधी हिचं कौतुक करावं आणि मग हळूच मूळ गोष्टीवर यावं. पण तोंड उघडलं आणि एकदम तेच बाहेर आलं. म्हटलं, मला जमत नाही. दोन महिने बँकवाले येऊन चहा करत होते. मोज्याने काही लागलं नव्हतं, भाजलं होतं.

तिने आधी हातातल्या चादरीची घडी पुरी केली. मग फक्त विचारलं, 'कुठला पाय?' मी दाखवला. तिने तो उजेडाकडे वळवून बघितला आणि खाली ठेवला.

मग ती उठली, पलंगाखालची बॅग ओढून काढली आणि स्टूल घेऊन माळ्यावर ठेवून आली. बटण, मी तिथेच खुर्चीत बसून राहिलो.  वर्षभर माझ्यापायी घरात अडकलेली बाई, एक वाट मिळाली होती तीही मीच बंद केली. खरं बोलून काय मिळवलं ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्यावर राग नाही. पण आज पत्र टाकायला कोपऱ्यापर्यंत जायचाही उत्साह नाही, बँकवाल्यांच्या हाती पाठवतोय.

तू रजेचं बघ. थोरलीला कोणीतरी हवंच.

मामा


१८ मार्च

लाडक्या बटणास,

तुम्ही मामा-भाची एकमेकांना एवढी पत्रं लिहिता, म्हटलं एक मीही लिहावं. हे थोरलीच्या खोलीतून लिहिते आहे. ऑपरेशन नीट झालं, काल तिला काठी धरून दारापर्यंत चालवलं. स्वभावही जागेवर आला आहे. माझी साडी नीट नेसलेली नाही, असं नर्ससमोर म्हणाली.

तुझ्या मामांनी तुला काय लिहिलं ते त्यांनी मला सांगितलं. म्हणजे मी बॅग माळ्यावर ठेवली आणि हे डोक्याला हात लावून बसले. अगं, त्या छोट्या बॅगेचं चाक मोडलं होतं. महिनाभराचे कपडे तिच्यात मावणार होते का? मी ती वर ठेवली आणि राहिलेल्या घड्या उरकून संध्याकाळी मोठी बॅग काढली, तोवर ह्यांचा चेहरा पांढराफटक आणि तुझं पत्र रवाना.  तुला पत्र लिहितील, पण मला विचारतील तर शपथ.

बँकवाल्यांचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. परत यायची तेव्हा दोन कप विसळून पालथे घातलेले असायचे, आणि ह्यांना एका हाताने कप विसळतासुद्धा येत नाही. मी बोलले नाही. म्हटलं, बघू किती दिवस रेटतात.

मामा तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. झटका आला त्या दिवशी सकाळीच ह्यांच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. दुकानात कात्री दोनदा हातातून पडली. मी डबा घेऊन गेले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, काही नाही, मस्त आहे. संध्याकाळी कोसळल्यावर डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तर हात राहिला असता. तेव्हापासून ह्यांचं 'मस्त' ऐकलं की मी हातातलं काम टाकून ह्यांना बघायला जाते. मी नुसती बाजारात निघाले तरी दर वळणावर वाटतं, परत जावं. चहाची अट मी उगीच घातली होती. काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून. चहा न जमल्याने कोणी मरत नाही.

त्या दिवशी ह्यांनी पाय दाखवला आणि संध्याकाळी मी मोठी बॅग काढली. ह्यांना काही उलगडेना. बॅग भरून झाल्यावर मी म्हटलं, 'आता मी जाते. किटली जमली म्हणून नाही. जमत नाही हे तुम्ही तोंडाने सांगितलंत म्हणून.' मग रडले ते. मीही.

निघताना एकच ठरवून आले आहे, की ह्यांनी रोज सकाळी मला फोन करायचा आणि त्यात 'मस्त' हा शब्द काढायचा नाही. आजचा फोन आत्ताच येऊन गेला. अर्धा कप खोबणीबाहेर सांडला, ओटा पुसताना बाही भिजली, चहा पांचट झालाय, बँकवाले फिरकले नाहीत आणि एकट्याने बसून प्यायला अजिबात आवडला नाही. बराच वेळ बोलत होते. थोरलीने विचारलं, काय गं, काय म्हणतात? मी म्हटलं, घरी सगळं ठीक आहे.

तुझी,
मामी